त्राटिकेचे नाव

आमच्या घरात 'त्राटिका' ही एक पदवी होती, आणि ती एकाच व्यक्तीला बहाल झालेली होती. माझ्या वडिलांच्या आत्याला. आम्ही मुले तिला आत्याआजी म्हणत असू. मोठी माणसे मात्र माजघरात आवाज उतरवून "त्राटिका आली का शाळेतून?" "हे त्राटिकेला कळता कामा नये," असे बोलत, आणि आवाज इतका उतरवूनही तिला ते नेमके ऐकू जाई. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात माडीवरची एक खोली तिची होती. ती मुलींच्या शाळेत शिकवीत असे, कपाळाला ठसठशीत कुंकू लावीत असे, आणि ते कोणाच्या नावाने, असे विचारण्याची वाड्यात कोणाची छाती नव्हती. खाली नळावर भांडण जुंपले की बिऱ्हाडकरू बायका एकमेकींना "थांब, माडीवर जाऊन सांगते," असा धाक घालीत. एवढ्यावर भांडण मिटे.

ही पदवी तिला तिच्या वडिलांनी दिली होती, म्हणजे माझ्या पणजोबांनी. पणजोबा नाटकवेडे. तरुणपणी त्यांनी शाहूनगरवासी मंडळींची नाटके पाहिलेली, आणि त्या मंडळींचे 'त्राटिका' त्यांना इतके आवडलेले की म्हातारपणीही जेवताना मध्येच घास हातात धरून ते प्रतापरावाचा आवाज काढीत. त्या नाटकाने पुण्याला एकेकाळी फार हसवले आहे. माझ्या पिढीपर्यंत त्याचे केवळ नाव उरले, आणि तेही बहुधा शिवी म्हणून.

शेक्सपिअरने 'टेमिंग ऑफ द श्रू' लिहिले ते १५९०च्या सुमारास. बरोबर तीनशे वर्षांनी, १८९१च्या आसपास, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातील इंग्रजीचे प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी ते मराठीत आणले. केळकर हे टिळक-आगरकरांच्या बरोबरीने डेक्कन एज्युकेशन सोसायटीत उभे राहिलेल्यांपैकी एक. आगरकरांनी हॅम्लेटचे 'विकारविलसित' केले होते, देवलांनी ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला होता. मास्तरांच्या हातून आलेले हे नाटक मात्र पोट धरून हसवणारे निघाले. एकीकडे किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून, म्हणजे १८८० पासून, गाण्यांचा पूर आलेला. त्या पुरात शाहूनगरवासी मंडळी गद्य नाटकाची काठी रोवून उभी होती. गणपतराव जोशी प्रतापराव होत आणि बाळाभाऊ जोग त्राटिका. गणपतरावांचा हॅम्लेट पाहून गंभीर झालेले पुणे त्यांचा प्रतापराव पाहायला खदखदत जाई.

गोष्ट वाचकांना ठाऊक असेलच. पाडुआ गावच्या बाप्तिस्ताला दोन मुली. थोरली कॅथरिना फटकळ, धाकटी बियांका गोगलगाय. धाकटीला मागण्या ढीगभर, आणि बापाचा निश्चय असा की थोरलीचे झाल्याखेरीज धाकटीचे करायचे नाही. ही अट समजावून सांगायला पुण्याच्या प्रेक्षकाला इटलीत न्यावे लागले नसणार. आमच्या वाड्यात, आमच्या गल्लीत, प्रत्येक तिसऱ्या घरात ही अट चालू होती. पेत्रुकिओ नावाचा एक गडी श्रीमंत बायको शोधायला म्हणून गावात येतो आणि तसे उघड बोलतोही. हे मला त्याचे त्यातल्या त्यात आवडते. आमच्याकडच्या बैठकीत हुंड्याचा आकडा शेवटपर्यंत पानाच्या तबकाखाली दडवून ठेवीत. बाप्तिस्ता रोख वीस हजार क्राउन आणि आपल्यामागे निम्मी जमीन कबूल करतो. पोरगी बघून पसंत पडण्याच्या आधी व्यवहार ठरतो. तो ठरल्यावर मग बाप म्हणतो, की तिचे मन मात्र तूच मिळव. किती उदार बाप!

पुढचा सारा खेळ मन मिळवण्याचा आहे. नवरदेव लग्नाला उशिरा येतो, फाटक्या कपड्यांत, मरतुकड्या घोड्यावर. मेजवानीच्या आधीच बायकोला उचलून नेतो. घरी गेल्यावर तिच्यासमोर वाढलेले ताट, मांस करपले आहे, तुझ्या प्रकृतीला बरे नाही, असे म्हणून नोकरांच्या अंगावर फेकतो. तिला झोपू देत नाही. शिंप्याने आणलेला सुंदर झगा तिला आवडला म्हणून परत पाठवतो. सूर्याला चंद्र म्हणायला लावतो. शेवटी तीन नवऱ्यांची शंभर क्राउनची पैज लागते, की कोणाची बायको हाक मारल्यावर येते. गोगलगाय बियांका कामात असल्याचा निरोप धाडते, दुसरी साफ नाही म्हणते, आणि कॅथरिना येते. येऊन उरलेल्या दोघींना पत्नीधर्मावर चाळीसहून अधिक ओळींचे व्याख्यान देते. सासरा खूश होऊन आणखी वीस हजार क्राउन देतो, कारण ही मुलगी आता निराळीच झाली, तिला निराळा हुंडा हवा.

त्या काळी इंग्लंडात फटकळ बाईला खुर्चीत बांधून तळ्यात बुचकळण्याची शिक्षा होती. तोंडाला लोखंडी लगाम घालण्याचीही रीत पडली. शेक्सपिअरच्या थोडे आधी एक पोवाडा तिथे छापला गेला होता, त्यात नवरा बायकोला फोडून काढतो आणि खारवलेल्या घोड्याच्या कातड्यात गुंडाळतो. त्याच्या शेजारी पेत्रुकिओ म्हणजे संतच. तो हात उचलीत नाही. तो स्वतःच सांगतो की ससाणा जसा उपाशी आणि जागा ठेवून हातावर बसायला शिकवतात, तसे आपण करतो आहोत. आणि हे तो प्रेक्षकांनाच विश्वासात घेऊन सांगतो. आहे कोणाला याहून चांगला उपाय ठाऊक, तर सांगा, म्हणतो.

१९६८ साली मी बी.ए.ला असताना हे नाटक आम्हाला अभ्यासाला होते, आणि योगायोगाने रिचर्ड बर्टन आणि एलिझाबेथ टेलर यांचा चित्रपट कॅम्पातल्या एका थिएटरात लागला. मी आत्याआजीला घेऊन गेले. तिला इंग्रजी बऱ्यापैकी समजे, आणि आपल्या पदवीचे उगमस्थान पाहायची तिला उत्सुकता होती. लग्नाच्या प्रसंगाला ती मनापासून हसली. घोड्याला तर फारच. मग पेत्रुकिओच्या घरचे जेवण आले. ताटे उडाली, नोकर धावले, सारे थिएटर हसत होते. आत्याआजीने पदर तोंडाशी धरला होता. मला वाटते, ती हसत नव्हती. घरी येताना बसमध्ये शेजारी बसून ती बराच वेळ बाहेर पाहत राहिली. लकडी पुलावर बस आली तेव्हा म्हणाली, "जेवणावरून लोक का हसत होते गं?"

मी म्हटले, "आत्याआजी, ते प्रहसन आहे. तो तिला खरं उपाशी मारत नाही, नाटक करतोय."

"तिला भूक खरी लागली होती ना?" ती म्हणाली.

त्या रात्री माडीवरच्या खोलीत तिने मला थोडे सांगितले. तिचे लग्न दहाव्या वर्षी झाले, १९१६ साली. चौदाव्या वर्षी नांदायला गेली. घर खाऊन-पिऊन सुखी होते; कोठीच्या खोलीत धान्याच्या कणग्या होत्या आणि कोठीची किल्ली सासूच्या कमरेला. सून उलट बोलली, की त्या रात्री तिचे पान वाढायचे नाही, असा त्या घरचा नियम होता. आत्याआजी लहानपणापासून बोलकी. "मी म्हणे उलट बोलायची," ती म्हणाली. "मला वाटायचं मी सुलट बोलतेय." नवरा वाईट नव्हता. तो आईपुढे बोलत नसे, आणि एखाद्या रात्री सदऱ्याच्या खिशातून दोन खारका आणून देई. तीन वर्षे तिने काढली. एकदा तीन दिवस लागोपाठ पान वाढले नाही, आणि चौथ्या दिवशी पहाटे ती पाणी भरायला म्हणून निघाली ती माहेरी आली. वडिलांनी दार उघडले, तिला पाहिले, आणि पहिले वाक्य उच्चारले ते हे: "आली आमची त्राटिका."

ते कौतुकाने म्हणाले की रागाने, हे तिला शेवटपर्यंत ठरवता आले नाही. त्यांनी तिला घरात घेतले, एवढे खरे. परत पाठवले नाही, हेही खरे. १९२३ सालच्या सदाशिव पेठेत यासाठी काय लागत असेल याची आज कल्पना येणार नाही. लोकांनी विचारले की पणजोबा म्हणत, "काय करणार? आमच्या घरी त्राटिका आहे, आणि प्रतापराव मिळाला नाही." लोक हसत आणि विषय संपे. मला कधी कधी वाटते, त्यांनी ते नाव ढालीसारखे तिच्यापुढे धरले. ढाल माणसाला वाचवते, आणि तोंडही झाकते.

हे नाव आले कोठून, तेही पाहण्यासारखे आहे. शेक्सपिअरने आपल्या नायिकेला ज्या प्राण्याचे नाव दिले, तो उंदराएवढा, चिचुंदरीच्या जातीचा एक चावरा जीव. केळकरांनी त्याची एकदम राक्षसीण केली. रामायणातली त्राटिका विश्वामित्राच्या यज्ञात विघ्न आणणारी म्हणून आपण कीर्तनांतून ऐकतो. पण वाल्मीकीने तिची आधीची हकीकत दिली आहे, ती कीर्तनकार सहसा सांगत नाहीत. ती सुकेतू नावाच्या यक्षाची मुलगी. बापाने तप करून मागितला होता मुलगा. ब्रह्मदेवाने मुलगी दिली आणि वर तिला हजार हत्तींचे बळ दिले. तिचे लग्न झाले, मुलगा झाला. अगस्त्याच्या हातून नवरा मेला म्हणून ती ऋषीवर धावून गेली, आणि त्याने शाप देऊन तिला विद्रूप केले. तिच्यावर बाण टाकताना रामही अडखळला होता, बाई आहे म्हणून. विश्वामित्राने त्याला समजूत घालावी लागली. म्हणजे मूळ त्राटिकेला रागवायला कारण होते. कॅथरिनालाही आहे, बाप उघडउघड धाकटीचे लाड करतो आणि थोरलीला बाजारातल्या पडून राहिलेल्या मालासारखी खपवतो. पण नाव एकदा त्राटिका पडले, की कारण कोणी विचारीत नाही. नावाचा उपयोगच तो.

केळकरांचे नाटक रंगभूमीवर आले, त्याच वेळी पुण्यात बायकांच्या वयावरून रणे माजली होती. कलकत्त्याला फुलमणी नावाची अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या हातून मेली, आणि संमतिवयाचे बिल आले. दहाचे वय बारा करायचे, एवढीच सुधारणा. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला, पण त्यापूर्वी तुळशीबागेत सभा झाल्या, सभा उधळल्या गेल्या, टिळक एका बाजूला आणि आगरकर-भांडारकर दुसऱ्या बाजूला, शास्त्रवचनांची चळत दोन्ही बाजूंना. मला नवल वाटते ते याचे, की ज्या गावात बहुतेक नवऱ्या परकराच्या वयाच्या होत्या, त्या गावात घोडनवरी, वाढलेली, तोंडाळ, स्वतःला काय हवे ते सांगणारी नायिका लोक डोळे भरून पाहत होते. अशी उपवर मुलगी त्यांच्यापैकी किती जणांच्या घरात होती? बंड करायला वय लागते. दहाव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीला पेत्रुकिओची गरजच पडत नाही. तिला वळण लावायला सासू पुरे. मला वाटते, म्हणूनच हसणे सोपे गेले असेल. वाघ पिंजऱ्यात पाहायला गंमत वाटते, आणि इथे तर गावात वाघच नव्हता.

की होता? ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ साली पुण्यातच छापले गेले. त्या बुलढाण्याच्या. पुरुषांना त्यांनी ज्या भाषेत धुतले आहे, ती वाचताना मला तरी कॅथरिनाच्या पहिल्या अंकातल्या जिभेची आठवण होते. आणि मुंबईत रखमाबाई होत्या. अकराव्या वर्षी लग्न झालेले. मोठेपणी त्यांनी नांदायला जायचे नाकारले. नवऱ्याने १८८४ साली फिर्याद केली. १८८७ मध्ये न्यायाधीशांनी सांगितले, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. बाईंनी कळवले की तुरुंगात जाईन. पुढे दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले, त्या विलायतेला गेल्या आणि डॉक्टर होऊन परत आल्या. केळकरांच्या पुण्यात या खटल्यावर जेवढी शाई सांडली, तेवढी क्वचितच कशावर सांडली असेल. म्हणजे प्रतापरावाला हसायला नाट्यगृहात आलेला प्रेक्षक घरून वर्तमानपत्र वाचूनच आलेला होता. पडद्यामागची खरी त्राटिका त्याला ठाऊक होती. नाटकातली शेवटी वठणीवर येते. त्याला हायसे वाटले असेल तर मी त्याला दोष देणार नाही.

आणि वठणीवर येणारी ती बाई बाळाभाऊ जोग होती, हे विसरून कसे चालेल? शेक्सपिअरच्या काळी लंडनच्या रंगभूमीवर बाई नव्हती. मिसरूड न फुटलेली पोरे बायका होत. पत्नीधर्मावरचे ते व्याख्यान पहिल्यांदा दिले ते झगा घातलेल्या पोराने. पुण्यात दिले ते लुगडे नेसलेल्या पुरुषाने. पुरुषाने लिहिले, पुरुषाने मराठीत आणले, पुरुषाने म्हटले. शेक्सपिअरला ही गंमत नक्की कळत होती. त्याच्या नाटकाच्या आरंभी एक प्रवेश आहे, तो पुष्कळदा गाळतात. दारू पिऊन पडलेल्या एका कल्हईवाल्याला एक सरदार चेष्टेने उचलून नेतो, त्याला तूच सरदार आहेस असे भासवतो, आणि एका पोऱ्याला बाईचा वेष देऊन त्याची आज्ञाधारक बायको म्हणून बसवतो. मग त्या दारुड्यापुढे हे नाटक होते. आज्ञाधारक बायको हे एका दारुड्याला पडलेले स्वप्न आहे आणि ती बायको मुळात पोरगा आहे, एवढे त्याने पहिल्या दहा मिनिटांत सांगून ठेवले आहे. आम्हाला शिकवताना सरांनी तो प्रवेश 'परीक्षेला महत्त्वाचा नाही' म्हणून सोडून दिला.

पेत्रुकिओचा पहिला पराक्रम उपासमारीच्या कितीतरी आधीचा आहे. भेटल्याबरोबर तो तिला केट म्हणतो. ती बजावते, की माझे नाव कॅथरिना आहे. तो पुढच्या दमात केट हा शब्द दहा वेळा उच्चारतो. लग्न पुढे होते, नाव आधी जाते. इंग्रजी टीकाकार यावर बरेच लिहितात. मराठी बाईला त्यात नवीन ते काय? आमच्याकडे हा विधीच आहे. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यावर नवे नाव लिहायचे. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. माझे लग्न १९७३ साली झाले तेव्हा माझेही नाव बदलले. कोणी जबरदस्ती केली नाही. यजमानांनी आधी विचारले, दोन-तीन नावे सुचवली, मला जे त्यातल्या त्यात बरे वाटले ते ठेवले. ताटातले तांदूळ नंतर कोणीतरी निवडून डब्यात भरले, आणि त्या तांदळाचा भात आम्ही सर्वांनी खाल्ला असणार. पुढे बँकेत, पासपोर्टाच्या कचेरीत, मुलाच्या शाळेत दोन नावांची एकच बाई सिद्ध करताना माझा जो वेळ गेला, तेवढ्यात एक कादंबरी लिहून झाली असती. माझ्या मुलीने नाव बदलले नाही, आडनावही नाही. तिच्या सासूबाई लग्नात म्हणाल्या, "तांदूळ तेवढे वाचले."

आत्याआजी १९८१ साली गेली. तिची ट्रंक मी उघडली तेव्हा तिच्या नावांचा हिशेब लागला. नावे इथे छापीत नाही. तिला आवडले नसते. माहेरचे नाव एका नदीचे होते. सासरी ठेवलेल्या नावाचा अर्थ गुणी, चांगल्या वळणाची असा. सेवासदनातल्या अध्यापिका-वर्गाच्या प्रमाणपत्रावर नदीचे नाव होते. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली काढलेल्या त्या सेवासदनाच्या दारात अशा किती जणी दोन-दोन नावे घेऊन उभ्या राहिल्या असतील! तिथे तिने अर्ज भरताना गुणी नाव टाकून नदी लिहिली, आणि मग पस्तीस वर्षे शाळेत तेच नाव चालले. म्हणजे गावात तिच्या हाताखालून गेलेल्या शेकडो मुली तिला तिच्या खऱ्या नावाने ओळखत होत्या. त्राटिका ती फक्त घरात होती.

नवऱ्याने दुसरे लग्न केले होते. १९४६ च्या कायद्यापूर्वी मुंबई इलाख्यात त्याला मुभाच होती. ट्रंकेत एक पोस्टकार्डही होते, नवऱ्याच्या मृत्यूचे. त्यावर तिने तारखेखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले होते, 'खारका'. कुंकू त्यानंतरही तिने पुसले नाही. यावर मी काही बोलत नाही.

आता त्या शेवटच्या व्याख्यानाविषयी. नवऱ्याच्या पायाखाली हात ठेवायला तयार आहे, इथवर कॅथरिना जाते. बर्नार्ड शॉसारख्या माणसाला हा शेवट सभ्य माणसाने बायकोशेजारी बसून पाहण्यासारखा वाटला नाही. १९२९ च्या बोलपटात मेरी पिकफर्डने भाषण संपवता संपवता बहिणीकडे पाहून डोळा घातला, आणि सारे भाषण उलटे झाले. कोणी ते रडत म्हणते, कोणी थट्टेने, कोणी इतके सरळ म्हणते की अंगावर काटा येतो. पंडित सांगतात की सूर्य-चंद्राच्या प्रवेशापासून दोघांचा खेळ सुरू झाला, ती हरली नाही, ती खेळात सामील झाली. हे मला पटते आणि पटत नाही. माझ्या सासूबाई भर दुपारी सासऱ्यांच्या म्हणण्याला "बरं, चांदणं पडलंय" म्हणत आणि मग स्वतःला हवे तेच करीत. तो खेळ मी डोळ्यांनी पाहिलेला आहे आणि त्यात मजाही होती. पण खेळात सामील व्हायचे की नाही, हे ठरवायला पोटात अन्न लागते. कॅथरिना चंद्र म्हणते ती उपाशी बाई आहे. तिला माहेरी जायचे आहे आणि घोडे नवऱ्याच्या ताब्यात आहेत.

शेक्सपिअरच्याच हयातीत फ्लेचर नावाच्या नाटककाराने याला उत्तर लिहिले, हे आमच्याकडे फारसे कोणी सांगत नाही. केट मेली आहे, पेत्रुकिओने दुसरी बायको केली आहे, आणि ही मारिया लग्नाच्या रात्रीच खोलीला आतून कडी लावून घेते. गावातल्या बायका शिधासामग्री घेऊन तिच्या मदतीला येतात. शिधा आधी! फ्लेचरला नाटकातले मर्म बरोबर कळले होते. १६३३ च्या नोव्हेंबरात ही दोन्ही नाटके दोन दिवसांच्या अंतराने राजा चार्ल्सपुढे झाली. दरबारच्या नाट्याधिकाऱ्याने टिपून ठेवले आहे, की पहिले आवडले आणि दुसरे फार आवडले.

यंदा माझी नात कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी 'श्रू'मधला शेवटचा प्रवेश मराठीत बसवते आहे. केळकरांचे नाटक तिने वाचनालयातून शोधून आणले, आणि तिला ते मोठे खट्याळ वाटले. पेत्रुकिओ ती स्वतः आहे. कॅथरिना तिच्या वर्गातला एक सहा फुटी मुलगा, तालमीला येताना मोटारसायकलवर येतो. "आजी, मुळात मुलगेच करायचे ना?" असे ती मला सांगते, जणू मीच तिला हे सांगितले नव्हते. भाषण डोळा घालून म्हणायचे की सरळ, यावरून त्या दोघांचे आमच्या दिवाणखान्यात दोन दिवस भांडण चालले आहे. तिचे म्हणणे, सरळ म्हण, एवढा मोठा मुलगा असे बोलला की लोक आपोआप गप्प होतील. त्याचे म्हणणे, लोक हसतील. "हसले तर हसू देत," ती म्हणाली. "कुठं हसतात ते बघू."

लुगडे आत्याआजीचे दिले. नऊवारी, इरकली, थोडे विरलेले. मुलगा मांड्यांशी चुण्या धरून कसाबसा उभा राहिला. मी खाली बसून त्याचा काष्टा नीट करून दिला आणि चालून दाखव म्हटले. तीन पावलांत तो अडखळला. "आजी, यात घाईनं चालताच येत नाही," म्हणाला. मी त्याला सांगितले, की येते. पहाटेच्या अंधारात, हे असले नेसून, बाई सासरहून माहेरी चालत येऊ शकते. तो पुन्हा उठला आणि दारापर्यंत जाऊन आला.